भिंतीला खेटून सिनेमा

मागच्या अंकानंतर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला: "ते भिंतीजवळ ठेवायचे लेझर प्रोजेक्टर घ्यावेत का? आणि ते एवढ्या जवळून एवढं मोठं चित्र पाडतात तरी कसं?" योगायोग असा की या दिवाळीत मी तसलाच एक प्रोजेक्टर गाडीत घालून मोहगावला नेला होता. त्यामुळे या वेळी उत्तर जाहिरातीतून नाही, आमच्या बैठकीतून देतो.

आमचं मोहगाव सौंसर तहसिलीतलं. आधी छिंदवाडा जिल्ह्यात होतं, २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आलं. राज्य मध्य प्रदेश, घरातली बोली मराठी, बाजार नागपूरचा आणि पीक संत्र्याचं. बाबा आणि दादा-वहिनी तिथेच असतात. मी नोकरीसाठी बाहेर.

प्रोजेक्टर नेण्याचं कारण चैन नव्हतं. बाबांच्या डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची, म्हणजे मॅक्युलाची, वयामुळे झीज झाली आहे. या आजारात कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच पुसट होतं. चालता-फिरता येतं, बगीच्यात जाता येतं, पण समोरच्याचा चेहरा ओळखू येत नाही. डॉक्टरांनी औषधोपचारासोबत साधी गोष्ट सांगितली होती: वस्तू मोठी करा, जवळ आणा, उजेड नीट ठेवा. घरात ३२ इंची टीव्ही. वर्षभरात बाबांनी त्याच्यासमोर बसणंच सोडलं. क्रिकेट लागलं की सगळे बैठकीत आणि बाबा बाहेर छपरीत. बोलावलं की म्हणायचे, "मले काई दिसत नाई, तुमीच पाहा."

आता हिशेब बघा. ३२ इंची टीव्हीची रुंदी साधारण ७१ सेंटीमीटर. तीन मीटरवरून पाहिलं तर तो डोळ्याशी जेमतेम साडेतेरा अंशांचा कोन करतो. तेच चित्र दोन मीटर दहा सेंटीमीटर रुंद केलं, तर त्याच खुर्चीवरून कोन ३८ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे जवळजवळ तिप्पट. खुर्ची दीड मीटरवर ओढली तर ७० अंश. डोळ्याच्या मध्यावर डाग असला, तरी चित्र डागापेक्षा खूप मोठं झालं की कडेची चांगली नजर कामाला येते. एवढ्या एका आकड्यावर मी बोनस खर्च केला.

बाबांनी किंमत विचारली. दीड लाखाच्या पुढची गोष्ट, मी आकडा जरा खाली आणून सांगितला. तरी म्हणाले, "एवढ्यात तं अख्ख्या बगीच्याची फवारणी झाली असती लेका."

जवळून मोठं चित्र कसं?

प्रोजेक्टर ते भिंत हे अंतर भागिले चित्राची रुंदी, याला थ्रो रेशो म्हणतात. ऑफिसच्या मीटिंग रूममधल्या छताला टांगलेल्या प्रोजेक्टरचा हा रेशो साधारण दीड असतो. दोन मीटर रुंद चित्र हवं तर तीन मीटर लांब जा. रेशो ०.४ च्या खाली गेला की त्याला अल्ट्रा शॉर्ट थ्रो म्हणतात. घरगुती सिनेमाचे बरेच प्रोजेक्टर ०.२५ च्या आसपास असतात. म्हणजे दोन मीटर दहाच्या चित्राला भिंतीपासून लेन्स फक्त ५२ सेंटीमीटर, पावणेदोन फूट. खोक्याची मागची बाजू तर भिंतीपासून वीतभरच राहते.

एक प्रयोग करा. अंधारात मोबाईलचा टॉर्च भिंतीच्या पायथ्याशी धरून वर मारा. खाली उजेडाचा पट्टा अरुंद आणि लख्ख, वर पसरट आणि मंद दिसेल. चित्र असंच पाडलं तर खाली माणसाचे पाय बारीक आणि वर डोकं भोपळ्याएवढं येईल. म्हणून या यंत्रात लेन्सच्या रांगेनंतर एक खास वाकवलेला आरसा असतो. बहुतेक मॉडेलमध्ये प्रकाश खोक्याच्या आत आधी भिंतीकडे पाठ करून धावतो, या आरशावर आपटतो आणि उलटा फिरून वर भिंतीकडे जातो. लेन्स चित्राला मुद्दाम उलट्या प्रकारे वाकवतात, आरसा ते बरोबर तेवढंच सरळ करतो. दोघांची चूक एकमेकांना पुरते आणि भिंतीवर काटकोन उमटतो. या आरशाचा आकार साध्या गोळ्याचा तुकडा नसतो. जागोजागी त्याचा बाक वेगळा असतो, आणि खर्चाचा मोठा वाटा तिथेच जातो.

चित्र तयार होतं ते बोटाच्या नखाएवढ्या चिपवर. तिच्यावर लाखो सूक्ष्म आरसे असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारो वेळा इकडे-तिकडे कलतो. एका बाजूला कलला की प्रकाश भिंतीवर, दुसऱ्या बाजूला कलला की यंत्राच्या आतच जिरतो. किती वेळ कुठल्या बाजूला राहिला त्यावर त्या ठिपक्याची छटा ठरते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी ही चिप १९८७ मध्ये शोधली आणि २०१५ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करची बाहुली मिळाली. माझ्यासारख्या शून्य-एकवर पोट भरणाऱ्याला हे फार आवडतं: पडद्यावरचं सगळं रडणं-हसणं म्हणजे आरशांचं 'हो' किंवा 'नाही'.

घरगुती फोर-के प्रोजेक्टरच्या चिपवर बहुधा १९२० गुणिले १०८० एवढेच आरसे असतात. प्रत्येक फ्रेममध्ये चित्र अर्ध्या ठिपक्याने चार दिशांना सरकवून चार वेळा दाखवतात आणि ८३ लाख ठिपके भरून काढतात. डोळ्याला सरकणं कळत नाही.

लेझर कशाला?

जुन्या प्रोजेक्टरमध्ये दिवा असायचा. काही हजार तासांत तो मंदावतो, बदलावा लागतो. लेझरच्या उगमाचं आयुष्य कंपन्या २० ते २५ हजार तास सांगतात. रोज चार तास लावला तर २५ हजार तास म्हणजे सतरा वर्षं. तोवर यंत्रातलं सॉफ्टवेअर आधी म्हातारं होईल, हे मी पोटतिडकीने सांगतो.

यात दोन जाती आहेत. स्वस्त जातीत फक्त निळा लेझर असतो. तो फॉस्फर लावलेल्या फिरत्या चाकावर पडला की पिवळा प्रकाश निघतो आणि त्यातून लाल-हिरवा गाळून घेतात. महाग जातीत लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे लेझर असतात. रंग जास्त गडद मिळतात, पण काहींना पांढऱ्या भागावर बारीक चकाकती वाळू दिसते, तिला स्पेकल म्हणतात. आणखी एक: एकच चिप असलेल्या यंत्रात तीन रंग एकापाठोपाठ एक येतात. नजर झटकन फिरवली तर काही जणांना इंद्रधनुष्याची रेघ दिसते. माझ्या वहिनीला दिसते, मला नाही. म्हणून घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी दुकानात जाऊन दहा मिनिटं बघावं.

पहिली रात्र

धनत्रयोदशीला मशीन लावलं. बैठकीची भिंत आजोबांच्या काळची, मातीची, वर चुन्याचे कैक थर. दिवसा ती मला सपाट वाटायची. चित्र पडलं आणि मी गप्प झालो. वरची कड समुद्राच्या लाटेसारखी होती. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ एका बाजूला फुगलेलं. पुतण्या खो-खो हसला.

मी इंजिनिअर. लगेच मेनू उघडला. त्यात चित्राचे कोपरे आणि कडा ओढून सरळ करायची सोय असते. तासभर ओढाताण केली. एक लाट दाबली की दुसरी उठायची, शिवाय असं ओढताना चिपचे ठिपके वाया जातात आणि अक्षरं पुसट होतात. नेमकी बाबांना हवी तीच गोष्ट कमी होत होती. त्या रात्री धडा मिळाला: सॉफ्टवेअरने भिंत सरळ होत नाही.

मग दादाने पांढरी चादर ताणून बांधली. चित्र आणखीच बिघडलं. पंख्याच्या वाऱ्याने चादर जरा हलली की सगळी माणसं पोहायला लागायची. बाबा छपरीतून आत आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आमच्या येळी जत्रेतल्या तंबूत पडदा चांगला फडफडे. तरी चित्र असं नाचत नव्हतं. तुझ्या या यंत्राले काय धाड भरली?"

मला आधी वाटलं, आठवणीत सगळंच चांगलं दिसतं. मग कागद-पेन घेऊन बसलो आणि बाबा बरोबर निघाले.

आमच्या यंत्राची लेन्स भिंतीपासून ५२ सेंटीमीटर. चित्राची वरची कड लेन्सपासून जवळजवळ १४८ सेंटीमीटर उंच. म्हणजे प्रकाश वरच्या कडेला भिंतीला जवळजवळ घासत जातो: एक आडवा तर पावणेतीन उभा. अशा वेळी भिंत एक मिलिमीटर पुढे आली की तिथलं चित्र पावणेतीन मिलिमीटर खाली उतरतं. आमच्या चित्राचा एक ठिपका सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा. एका मिलिमीटरच्या फुगवट्याने पाच ठिपक्यांची चूक! आणि मातीच्या भिंतीत एक मिलिमीटर कुठला, बोटभर चढ-उतार असतो.

आता तंबू घ्या. प्रोजेक्टर पडद्यापासून वीस-पंचवीस मीटर मागे, प्रकाश पडद्यावर जवळजवळ काटकोनात. कापड चार बोटं पुढे-मागे झालं तरी चित्र जागचं फारसं हलत नाही. त्या जुन्या यंत्राला कापड, वारा, वाकडे बांबू सगळं चालायचं, कारण ते लांब उभं होतं. आमचं हे नवं यंत्र जवळ आलं आणि भिंतीचा प्रत्येक दोष त्याला दिसायला लागला. (माणसांतही असंच असतं, असं वहिनी म्हणाली. दादाने ऐकलं नसल्यासारखं केलं.)

बाबांची ती आठवण आपल्या मराठी मुलुखात फार जणांची आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. पण त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, कल्याणचे महादेव पटवर्धन आणि त्यांची मुलं काचेवर हाताने रंगवलेली चित्रं कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर पाडून खेळ करत. त्यांनी त्याला नाव दिलं होतं 'शांबरिक खरोलिका'. नंतर टुरिंग टॉकीज आल्या, ट्रकमधून तंबू आणि यंत्र घेऊन जत्रेमागून जत्रा. २०१६ च्या कान महोत्सवात गाजलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट महाराष्ट्रातल्या याच शेवटच्या फिरत्या सिनेमांवर आहे. कंदील, मग कार्बनच्या दोन कांड्यांमधली ठिणगी, मग झेनॉनचा दिवा आणि आता लेझर. उजेड बदलत गेला. चित्र पाडायला काहीतरी पांढरं आणि सपाट लागतं, ते तसंच राहिलं.

इलाज

भिंतीला पुट्टी मारून सपाट करावी, असा माझा विचार होता. मिस्त्री म्हणाला, मातीच्या भिंतीवर सिमेंटची पुट्टी टिकत नाही, पोपडे धरते. खास पडदा मागवायला वेळ नव्हता. शेवटी बाबाच म्हणाले, "दार कधी लाटा खाते का? सपाट पाह्यजे तं लाकडाचं करा."

सौंसरच्या दुकानातून ८ बाय ४ फुटांचं प्लायवूड आणलं. मागून पट्ट्या ठोकल्या, म्हणजे ते वाकणार नाही. वर पांढरा मॅट सनमायका. मॅट हा शब्द लक्षात ठेवा. चकचकीत घेतला तर तो आरशासारखं वागतो आणि खालून आलेला प्रकाश छतावर फेकतो, सिनेमा छतावरच्या कोळ्यांना दिसतो. चार फूट म्हणजे १२२ सेंटीमीटर उंची, त्यात सोळास नऊचं ९५ इंची चित्र बरोबर मावतं: २१० गुणिले ११८. बोर्ड भिंतीला टेकवून लेव्हलपट्टीने उभा केला, खालून पाचर मारली. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. कारण इथे खोकं एक मिलिमीटर मागे सरलं की चित्र चार मिलिमीटरने रुंद होतं.

वरची कड सरळ आली. दादाने सुताराच्या नजरेने एक डोळा मिटून पाहिलं आणि "हाव" म्हणाला.

बाजारात यासाठी खास पडदे मिळतात. त्यांच्यावर करवतीच्या दात्यांसारख्या बारीक आडव्या रेघा असतात. खालून येणारा प्रकाश त्या बघणाऱ्याकडे पाठवतात, वरून येणारा ट्यूबलाईटचा प्रकाश काळ्या बाजूने गिळतात. याची गरज का, तेही आकड्यात सांगतो. प्रोजेक्टर काळा रंग पाडू शकत नाही. तो फक्त उजेड पाडतो, काळं म्हणजे जिथे त्याने काही पाडलं नाही ती जागा. आमचं यंत्र २५०० ल्युमेनचं. साध्या पांढऱ्या बोर्डावर त्याचा पांढरा रंग ३०० निट्सच्या आसपास जातो. थिएटरातल्या डिजिटल पडद्याचं प्रमाण ४८ निट्स आहे, म्हणजे अंधारात हे भरपूर झालं. पण खोलीत ट्यूबलाईटचा १०० लक्स उजेड बोर्डावर पडला की बोर्डाचा 'काळा' आपोआप ३० निट्सचा होतो. पांढरं जेमतेम काळ्याच्या दहा-अकरा पट. दुपारी दार उघडलं तर तीन-चार पटही राहत नाही. म्हणून साध्या भिंतीवर किंवा बोर्डावर बघायचं तर रात्री, दिवा मालवून. दिवसा बघायचं तर खास पडदा हवा आणि त्याचे पैसे वेगळे.

लहान मुलं असतील त्यांनी एक नीट ऐकावं. हे खोकं खाली, मुलांच्या उंचीवर असतं आणि प्रकाश वर फेकतं. त्यात वाकून बघायचं नाही. जवळ कोणी आलं की उजेड आपोआप मंद करणारा सेन्सर बहुतेकांत असतो, तो बंद करू नका. वरच्या काचेवर धूळ बसते, ती लेन्सच्या मऊ कापडानेच पुसा, ओच्याने किंवा पदराने नाही.

दुसरी रात्र

नरक चतुर्दशीच्या रात्री काय लावायचं यावर वाद झाला. पुतण्याला हॉलिवूड हवं होतं. दादाने कपाटातून त्याच्या लग्नाची सीडी काढली, मी ती आधीच पेनड्राईव्हवर घेतली होती. मी म्हटलं, नको, हे फार वाईट दिसेल. त्या व्हिडिओत एका ओळीत जेमतेम सातशे ठिपके. २१० सेंटीमीटरवर ताणले की एकेक ठिपका तीन मिलिमीटरचा. यंत्र फोर-के असलं तरी जे टिपलंच नाही ते कुठून आणणार?

आणि दिसलं तसंच. चेहरे विरघळलेले, कडा फाटलेल्या. पुतण्या ओरडला, "काका, किती ब्लर आहे!"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. दीड मीटरवर. मान थोडी डावीकडे वळवून, कडेच्या नजरेने बघत बसले. मांडवातून बायकांची रांग अक्षता घेऊन येत होती. चार वर्षांपूर्वी गेलेली आई त्या रांगेत तिसरी होती. मला चेहऱ्यावरून पटकन ओळखू आली नाही, इतकं ते पुसट होतं. बाबा म्हणाले, "हे पाय, तुमची माय. पाय ओढत चालून राह्यली. त्या दिवशी नवी चप्पल चावली होती तिले."

कोणी काही बोललं नाही. वहिनीने व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा लावला.

त्यानंतर एक गोष्ट मी कागदावर न मांडताच समजलो. आम्हाला खुपत होते ते तीन मिलिमीटरचे ठिपके बाबांच्या नजरेला दिसतच नव्हते. त्यांना हवा होता आकार आणि हालचाल. ते भरपूर होतं.

घ्यावा का?

तर मूळ प्रश्न. दिवसा उजेडात बातम्या आणि मालिका बघायच्या असतील तर घेऊ नका. ७५ इंची टीव्ही त्याहून स्वस्त पडतो आणि उजेडात जास्त चांगला दिसतो. रात्री सिनेमा बघायचा असेल, ९०-१०० इंचांच्या पुढचं चित्र हवं असेल, किंवा यंत्र उचलून गावी न्यायचं असेल, तर विचार करा. घेण्याआधी सहा फुटांची सरळ पट्टी भिंतीवर सगळीकडे टेकवून बघा. पट्टीमागून उजेड दिसला तर भिंतीचा किंवा पडद्याचा खर्च आधी धरा. आणि घरात कोणाची नजर अधू झाली असेल तर आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग दुकान. मोठं चित्र हा उपचार नाही, सोय आहे. बाबांची झीज त्याने थांबलेली नाही.

परतताना खोकं मी मोहगावलाच ठेवलं. परवा दादाचा फोन आला. मॅच होती. म्हणाला, बोर्डासमोरची पहिली खुर्ची आता बाबांची ठरलेली आहे, तिथे कोणी बसलं तर ते काठी आपटतात.

फवारणीचं मात्र अजून ऐकवतात.

पुढच्या अंकात भेटू. प्रश्न पाठवत राहा.